तळ्यांचा प्रदेश आणि तांब्याची खाण

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्याच्या ईशान्य टोकाला, कॅनडाच्या सीमेला खेटून, एक हजाराहून अधिक तळ्यांचा एक अरण्यप्रदेश पसरलेला आहे. 'बाउंडरी वॉटर्स कॅनू एरिया वाइल्डरनेस' हे त्याचे अधिकृत नाव. क्षेत्रफळ सुमारे ११ लाख एकर, म्हणजे जवळपास ४,४०० चौरस किलोमीटर. संपूर्ण गोवा राज्य त्यात सामावून वर जागा उरेल. या प्रदेशात रस्ते नाहीत, वीज नाही, दुकाने नाहीत. कॅनू, म्हणजे वल्ह्याने हाकायची अरुंद, हलकी होडी, हेच येथले वाहन. एक तळे संपले की होडी खांद्यावर घ्यायची, पाठीवर सामान बांधायचे आणि पायवाटेने पुढचे तळे गाठायचे. अशा जलमार्गांची एकूण लांबी १,९०० किलोमीटरच्या घरात जाते. दरवर्षी दीड लाखांहून अधिक लोक येथे येतात. अमेरिकेतील अरण्यक्षेत्रांमध्ये एवढी वर्दळ क्वचितच आढळते. तरीही तेथे शांतता टिकून आहे, कारण प्रवेशाच्या प्रत्येक ठिकाणी रोज किती जणांना सोडायचे याची मर्यादा ठरलेली आहे, एका चमूत नऊपेक्षा अधिक माणसे चालत नाहीत आणि खाद्यपदार्थांचे डबे किंवा बाटल्या नेण्यास १९७०च्या दशकापासून मनाई आहे.

या अरण्याच्या दक्षिण सीमेलगतच्या खडकात तांबे, निकेल, कोबाल्ट आणि प्लॅटिनम गटातील धातूंचा प्रचंड साठा आहे. तो काढावा की तसाच राहू द्यावा, हा वाद दोन दशकांहून अधिक काळ चालू आहे. वादाची एक बाजू पर्यावरणवाद्यांची आणि दुसरी कंपन्यांची, अशी सोपी मांडणी दूरच्या वर्तमानपत्रांत वारंवार होते. प्रत्यक्षात या प्रश्नाने एकेका गावाचे, प्रसंगी एकेका घराचे दोन भाग केले आहेत, आणि त्याची कारणे शंभर-सव्वाशे वर्षांच्या इतिहासात दडलेली आहेत.

लोखंडाचा मुलूख

मिनेसोटाचा हा भाग 'आयर्न रेंज' म्हणून ओळखला जातो. १८८४ मध्ये सूदान येथील खाणीतून राज्यातील पहिले लोहखनिज बाहेर पडले. पुढे १८९० मध्ये मेरिट बंधूंना मेसाबी टेकड्यांत खनिज सापडले आणि अमेरिकेच्या पोलाद उद्योगाचा पायाच तेथे घातला गेला. फिनलंड, स्लोव्हेनिया, क्रोएशिया, इटली येथून हजारो लोक मजुरीसाठी आले आणि स्थायिक झाले. दोन्ही महायुद्धांत अमेरिकेने वापरलेल्या पोलादाचा मोठा हिस्सा या मातीतून गेला, हे येथील माणूस आजही अभिमानाने सांगतो. बॉब डिलन ज्या हिबिंग गावात वाढला, ते गावच खाणीच्या विस्तारासाठी १९१९ पासून पुढील काही वर्षांत उचलून दक्षिणेला हलविण्यात आले होते. खाण आधी आणि गाव नंतर, हा क्रम येथे कुणाला फारसा खटकला नव्हता.

दुसऱ्या महायुद्धानंतर उत्तम प्रतीचे खनिज संपत आले. तेव्हा मिनेसोटा विद्यापीठातील एडवर्ड डेव्हिस यांनी दीर्घकाळ ज्यावर संशोधन केले होते त्या टॅकोनाइटने, म्हणजे लोहांश कमी असलेल्या कठीण खडकाने, मुलूख तगवला. हा खडक दळायचा, चुंबकाने लोह वेगळे करायचे आणि त्याच्या गोळ्या भाजायच्या, अशी ती प्रक्रिया आहे. १९६४ मध्ये राज्याच्या घटनेत दुरुस्ती करून या उद्योगाला करवाढीपासून पंचवीस वर्षांचे अभय देण्यात आले. टॅकोनाइटवरील उत्पादनकरातून आजही तेथील शाळा आणि नगरपालिकांना पैसा मिळतो. बिवाबिक येथील 'जायंट्स रिज' हे बर्फावरील घसरगुंडीचे आणि गोल्फचे केंद्र ज्या सरकारी मंडळाच्या मालकीचे आहे, ते मंडळही याच करावर चालते. पर्यटन आणि खाण यांना एकमेकांचे हाडवैरी समजणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

तथापि, पोलादाचा बाजार चढला की गावे भरतात आणि उतरला की ओस पडतात. १९८०च्या दशकातील मंदीत हे कठोरपणे दिसले. १९८५ मध्ये बटलर टॅकोनाइट बंद पडली, पुढच्याच वर्षी रिझर्व्ह मायनिंग दिवाळखोरीत गेली. जानेवारी २००१ मध्ये हॉइट लेक्स येथील एलटीव्हीचा कारखाना बंद झाला आणि सुमारे १,४०० जणांचा रोजगार गेला. २०२५च्या वसंतात आणखी दोन खाणींवर सहाशेहून अधिक कामगारांना घरी बसविण्यात आले. खाणीतील नोकरी म्हणजे चांगला पगार, कामगार संघटनेचे संरक्षण, आरोग्यविमा आणि निवृत्तिवेतन. ती गेल्यावर हॉटेलात किंवा होड्या भाड्याने देणाऱ्या दुकानात मिळणारे काम उन्हाळ्यापुरते असते आणि त्याचा मोबदला त्याच्या आसपासही पोहोचत नाही. पन्नाशीच्या खाणकामगाराला 'पर्यटन आहे ना' असे सांगणे म्हणूनच त्याला चेष्टा वाटते.

अरण्य कसे राखले गेले

सुपीरियर राष्ट्रीय वनाची घोषणा १९०९ मध्ये अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी केली. १९२६ मध्ये कृषिमंत्री विल्यम जार्डिन यांनी त्यातील मोठा भाग रस्त्यांविना ठेवण्याचे धोरण जाहीर केले. १९३० च्या शिपस्टेड-नोलन कायद्याने तळ्यांची पातळी बदलणारी धरणे आणि किनाऱ्यालगतची वृक्षतोड रोखली. १९४८ मध्ये आतील खासगी विश्रामगृहे आणि घरे विकत घेण्यासाठी निधी मंजूर झाला. त्याच सुमारास छोट्या विमानांतून मासेमारीसाठी येणाऱ्यांची गर्दी वाढली होती. त्यावर १९४९ च्या अखेरीस अध्यक्ष ट्रुमन यांनी या प्रदेशावरून चार हजार फुटांखाली विमान उडविण्यास बंदी केली. १९६४ चा अरण्य कायदा आला, पण त्यात या प्रदेशासाठी काही सवलती ठेवण्यात आल्याने मोटारबोटी आणि काही प्रमाणात वृक्षतोड चालूच राहिली.

खरा संघर्ष पेटला तो १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात. मोटारबोटी, वृक्षतोड आणि खाणकाम यांवर निर्णायक बंधने घालणाऱ्या विधेयकावर १९७७ मध्ये एली गावात सुनावणी झाली. निसर्गलेखक सिगर्ड ओल्सन हे त्याच गावचे रहिवासी. अरण्याच्या बाजूने बोलण्यासाठी ते आले, तेव्हा सभागृहाबाहेर त्यांच्या प्रतिकृतीला फाशी देण्यात आली होती. वयाची पंचाहत्तरी ओलांडलेल्या लेखकाला आपल्याच गावात हे पाहावे लागले. पुढील वर्षी, २१ ऑक्टोबर १९७८ रोजी, अध्यक्ष कार्टर यांनी कायद्यावर स्वाक्षरी केली. अरण्यात वृक्षतोड व खाणकाम बंद झाले, आणि पाण्याच्या सुमारे तीन चतुर्थांश भागावर मोटारबोटींना मज्जाव झाला.

या राखण्याची किंमत कुणी मोजली, हेही सांगायला हवे. अरण्यातील विश्रामगृहे सरकारने घेतली आणि पिढ्यान्‌पिढ्यांचे व्यवसाय उठले. नाइफ तळ्यावर एकट्या राहणाऱ्या, होडीतून येणाऱ्या पाहुण्यांना घरी बनविलेली रूट बिअर देणाऱ्या डॉरथी मोल्टर यांनाही निघून जाण्याची नोटीस मिळाली होती. लोकांनी एवढा गदारोळ केला की सरकारला माघार घ्यावी लागली आणि १९८६ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या तेथेच राहिल्या. इतरांच्या वाट्याला असा अपवाद आला नाही. 'बाहेरची शहरी माणसे येऊन आमच्या पाण्याचे नियम ठरवतात' ही जी भावना एलीत आजही ऐकू येते, तिचे मूळ तांब्यात नसून या जुन्या जखमेत आहे.

तांबे वेगळे का?

लोहखनिजाच्या खाणी शंभर वर्षे चालल्या. मग तांब्याचीच भीती का, असा प्रश्न खाणसमर्थक विचारतात. उत्तर खडकाच्या रसायनात आहे. सुमारे एक अब्ज दहा कोटी वर्षांपूर्वी उत्तर अमेरिकेचे भूखंड मधोमध दुभंगू लागले होते. तेव्हा वर आलेल्या शिलारसातून 'डुलुथ कॉम्प्लेक्स' नावाचा खडकसमूह तयार झाला. त्यातील धातू गंधकाशी संयोग पावलेले, म्हणजे सल्फाइडच्या रूपात आहेत. असा खडक फोडून उघड्यावर ठेवला की हवा आणि पाणी यांच्या संयोगाने गंधकाम्ल तयार होते. हे आम्ल खडकातील इतर जड धातूही विरघळवून पाण्यात आणते. त्यातच या खनिजात तांब्याचे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी. याचा अर्थ, काढलेल्या दर शंभर टनांतील जवळजवळ सर्वच दगड भुगा होऊन मागे उरणार आणि त्याची निगा खाण बंद झाल्यावरही दीर्घकाळ राखावी लागणार.

या तळ्यांचे पाणी मुळातच 'हलके' आहे. खाली ग्रॅनाइटसारखा कठीण खडक, वर मातीचा पातळ थर आणि चुनखडी जवळपास नाही. आम्ल शमविण्याची नैसर्गिक शक्ती अशा पाण्यात अल्प असते. ही केवळ कागदावरची शंका नव्हे. बॅबिट गावाजवळच्या 'डंका' खाणीत लोहखनिज काढताना १९६०-७०च्या दशकांत डुलुथ कॉम्प्लेक्सचा सल्फाइडयुक्त दगड बाजूला रचण्यात आला होता. त्या ढिगांतून तांबे आणि निकेल मिसळलेले पाणी अनेक वर्षे झिरपून बर्च तळ्याच्या दिशेने जात राहिले. तेथे तांब्याची खाण नव्हतीच. दुसऱ्या खाणीचा तो नुसता टाकाऊ दगड होता.

लोखंडाचा इतिहासही निष्कलंक नाही. सिल्व्हर बे येथील रिझर्व्ह मायनिंग कंपनी टॅकोनाइटचा भुगा दररोज सुमारे ६७ हजार टन या प्रमाणात थेट लेक सुपीरियरमध्ये सोडत असे. १९७३ मध्ये डुलुथ शहराच्या पिण्याच्या पाण्यात ॲस्बेस्टॉससारखे तंतू आढळले. १९७४ मध्ये न्यायाधीश माइल्स लॉर्ड यांनी कारखाना बंद करण्याचा आदेश दिला, अपील न्यायालयाने तो काही दिवसांतच स्थगित केला आणि अखेर १९८० मध्ये भुगा जमिनीवर साठविण्यास सुरुवात झाली. कारखाना वाचला, सरोवरात टाकणेही थांबले. दोन्ही बाजू हे उदाहरण आपापल्या सोयीने देतात.

येथे भूगोलाचा एक मुद्दा निर्णायक ठरतो. 'लॉरेन्शियन' जलविभाजक या मुलखातून जातो. त्याच्या दक्षिणेचे पाणी सेंट लुईस नदीतून लेक सुपीरियरला मिळते. उत्तरेचे पाणी अरण्यातून आणि कॅनडातून हडसन उपसागराकडे वाहते. चिलीच्या अँटोफागास्टा कंपनीच्या मालकीच्या 'ट्विन मेटल्स'ची नियोजित भूमिगत खाण बर्च तळ्याच्या काठी, म्हणजे जलविभाजकाच्या उत्तरेस आहे. बर्च तळ्याचे पाणी व्हाइट आयर्न, फॉल अशा तळ्यांमधून सीमेवरील बासवूड तळ्यात, म्हणजे थेट अरण्याच्या मध्यात पोहोचते. सीमेपलीकडे कॅनडाचे क्वेटिको उद्यान आहे. १९०९ च्या सीमाजल करारानुसार एका देशाने दुसऱ्याच्या हद्दीत अपाय होईल इतके सीमापाणी दूषित करू नये, असे बंधन दोन्ही देशांवर आहे.

कंपनीची बाजू पोकळ म्हणता येणार नाही. डिसेंबर २०१९ मध्ये सादर झालेल्या आराखड्यात खाण पूर्णपणे जमिनीखाली ठेवून दररोज २० हजार टन खनिज काढण्याची योजना होती. भुग्याचा चिखल बंधाऱ्यामागे साठविण्याऐवजी त्यातील पाणी पिळून तो कोरडा रचण्याची पद्धत तिने स्वीकारली होती. कॅनडातील माउंट पॉली येथे ऑगस्ट २०१४ मध्ये, तर ब्राझीलमधील ब्रुमाडिन्यो येथे जानेवारी २०१९ मध्ये असे बंधारे फुटले आणि ब्रुमाडिन्योत २७० बळी गेले. कोरड्या रचणीने तो धोका टळतो. पावसाच्या आणि वितळत्या बर्फाच्या पाण्याशी येणारा संपर्क मात्र त्याने संपत नाही, असे विरोधकांचे म्हणणे आहे. शेजारच्या विस्कॉन्सिन राज्याने १९९८ मध्ये सल्फाइड खाण प्रदूषणाविना चालल्याचे उदाहरण दाखवा, मगच परवाना मागा, असा कायदा केला होता. २०१७ मध्ये तो रद्द करण्यात आला.

वॉशिंग्टनचे हेलकावे

ट्विन मेटल्सचे खाणपट्टे मूळचे १९६६ चे, तेव्हाच्या इंटरनॅशनल निकेल कंपनीला दिलेले. १९८९ आणि २००४ मध्ये त्यांचे नूतनीकरण झाले. डिसेंबर २०१६ मध्ये, मावळत्या ओबामा प्रशासनाने वनखात्याची संमती नसल्याच्या कारणावरून पुढील नूतनीकरण नाकारले. ट्रम्प प्रशासनाने २०१८ मध्ये हे पट्टे पुन्हा जिवंत केले, आसपासच्या जमिनीवर खाणबंदी घालण्याबाबत चाललेला अभ्यास मध्येच थांबविला आणि मे २०१९ मध्ये नूतनीकरण केले. जानेवारी २०२२ मध्ये बायडेन प्रशासनाने ते रद्द ठरविले. जानेवारी २०२३ मध्ये अंतर्गत व्यवहारमंत्री डेब हालँड यांनी सुमारे सव्वादोन लाख एकर सरकारी वनजमीन वीस वर्षांसाठी नव्या खाणपट्ट्यांना वर्ज्य केली. पट्टे रद्द करण्याविरुद्धचा कंपनीचा दावा त्याच वर्षी संघीय न्यायालयाने फेटाळला. सात वर्षांत धोरण वारंवार उलटले. अशा स्थितीत ना गुंतवणूकदाराला नियोजन करता येते, ना विश्रामगृहाच्या मालकाला.

रोजगाराचे गणित

कंपनीच्या अंदाजानुसार खाणीत सातशेहून अधिक थेट नोकऱ्या आणि त्याच्या दुपटीच्या आसपास पूरक रोजगार पंचवीस वर्षे मिळाले असते. तीन-सव्वातीन हजार वस्तीच्या एलीसाठी हा आकडा लहान नाही. हार्वर्ड विद्यापीठाचे अर्थशास्त्रज्ञ जेम्स स्टॉक आणि जेकब ब्रॅड्ट यांनी २०१८ मध्ये या प्रश्नाचे वीस वर्षांचे गणित मांडले. खाणीमुळे सुरुवातीला रोजगार आणि उत्पन्न वाढेल. परंतु पर्यटनाला आणि निसर्गासाठी तेथे येऊन राहणाऱ्यांच्या ओघाला बसणारा फटका कालांतराने त्यावर मात करील, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यांनी तपासलेल्या बहुतेक शक्यतांत खाणबंदीच फायद्याची ठरली. हा निष्कर्ष प्रदेशाच्या एकूण उत्पन्नाविषयी आहे, हे विसरता कामा नये. बाहेरून येऊन घर बांधणाऱ्या निवृत्ताच्या उत्पन्नाने खाणकामगाराच्या मुलाला काम मिळतेच असे नाही.

एली हे गाव दोन्ही अर्थव्यवस्था पोटात घेऊन जगते. येथील शेवटची लोहखाण, पायोनियर, १९६७ मध्ये बंद झाली. तिच्या खचलेल्या जागेत पाणी भरून आता 'मायनर्स लेक' झाले आहे. १९९३ पासून गावात आंतरराष्ट्रीय लांडगा केंद्र आहे. जवळची सूदान खाण १९६२ मध्ये थांबली. तिचे राज्य उद्यान झाले आणि पर्यटक खाणीच्या जुन्या पाळण्यातून भूगर्भात उतरू लागले. जुन्या खाणीवर पर्यटन उभे राहिले, हे खरे. तितकेच हेही खरे की एलीतील खाणी बंद झाल्यावर गावाची लोकसंख्या उतरणीला लागली.

तांब्याच्या बाजूने अलीकडे आणखी एक युक्तिवाद पुढे येतो. विजेवर चालणारी वाहने, पवनचक्क्या आणि वीजवाहिन्या यांना तांबे, निकेल, कोबाल्ट लागते. ते आपल्या कडक कायद्यांखाली काढावे की कायदे सैल असलेल्या देशांतून आणावे? प्रश्न बिनतोड वाटतो. परंतु अमेरिकेत निकेलचे धातुकर्म करणारा कारखाना नाही, त्यामुळे येथे काढलेले निकेल प्रक्रियेसाठी बाहेरच जाणार, ही बाब या युक्तिवादात सहसा वगळली जाते.

मनोमिनचा हक्क

या वादात सर्वांत जुना हक्क असलेला पक्ष चर्चेत बहुधा शेवटी येतो. १८५४ च्या तहाने ओजिब्वे लोकांनी हा प्रदेश अमेरिकेच्या स्वाधीन केला. पण त्यात शिकार, मासेमारी आणि वनोपज गोळा करण्याचे अधिकार राखून ठेवले. तळ्यांच्या उथळ पाण्यात उगवणारा रानभात, त्यांच्या भाषेत 'मनोमिन', हा त्यांच्या आहाराचा आणि धर्माचाही भाग आहे. होडीत बसून काठीने कणसे झोडून तो गोळा करतात. पाण्यातील सल्फेट वाढले की हा भात टिकत नाही. म्हणूनच मिनेसोटाने १९७३ मध्ये रानभाताच्या पाण्यासाठी लिटरला दहा मिलिग्रॅम सल्फेट ही मर्यादा घातली. मर्यादा कागदावर पन्नास वर्षे आहे. तिची अंमलबजावणी बहुतांश काळ ढिलीच राहिली.

या हक्काचे वजन जलविभाजकाच्या दक्षिणेकडील दुसऱ्या प्रकल्पात दिसून आले. हॉइट लेक्सच्या बंद पडलेल्या एलटीव्ही कारखान्याच्या जागी तांबे-निकेल प्रकल्प उभारण्यासाठी पॉलिमेट कंपनीचे पर्यावरण परीक्षण २००५ मध्ये सुरू झाले. पहिला मसुदा अपुरा ठरला, अंतिम अहवाल यायला २०१५ उजाडले आणि खाणीचा परवाना २०१८ मध्ये मिळाला. २०२१ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो परवाना काही मुद्द्यांवर फेरविचारासाठी परत पाठविला. नदीच्या खालच्या अंगाला राहणाऱ्या फॉन-डू-लॅक जमातीने आपल्या पाण्याच्या दर्जाचा प्रश्न लावून धरला आणि जून २०२३ मध्ये लष्कराच्या अभियंता विभागाने प्रकल्पाचा पाणथळ जमिनीसंबंधीचा परवानाच रद्द केला. प्रकल्प आता ग्लेनकोर आणि टेक या कंपन्यांच्या संयुक्त मालकीत, नव्या नावाने आहे.

२०२५ मध्ये दुसरे ट्रम्प प्रशासन आल्यावर बाउंडरी वॉटर्सचे पाणलोट क्षेत्र पुन्हा ऐरणीवर आले. ट्विन मेटल्सचे पट्टे परत देण्याची तरतूद अर्थसंकल्पी विधेयकात घालण्याचा प्रयत्न झाला, पण ती वगळण्यात आली. जूनमध्ये प्रशासनाने २०२३ ची खाणबंदी मागे घेण्याचा इरादा जाहीर केला. जानेवारी २०२६ मध्ये प्रतिनिधिगृहाने ही बंदी रद्द करण्याचा ठराव थोड्या मतांच्या फरकाने मंजूर करून सिनेटकडे पाठविला. ज्या कायद्याखाली हा ठराव मांडण्यात आला, त्यातील एक कलम महत्त्वाचे आहे. त्यानुसार रद्द झालेला आदेश त्याच स्वरूपात पुन्हा काढण्याचा अधिकार प्रशासनाला उरत नाही. त्यासाठी काँग्रेसने नवा कायदा करावा लागतो. म्हणजे आजवर प्रत्येक सत्तांतरानंतर जे धोरण उलट-सुलट होत आले, ते एका बाजूला कायमचे झुकू शकते. अर्थात बंदी उठणे म्हणजे खाण सुरू होणे नव्हे. नवे पट्टे, नवा आराखडा, पर्यावरण परीक्षण आणि मिनेसोटा राज्याचे स्वतंत्र परवाने एवढे सारे त्यानंतर लागते. २००५ मध्ये परीक्षणाला बसलेल्या पॉलिमेटच्या खाणीतून २०२५ अखेरपर्यंत तांब्याचा एक टनही बाहेर पडलेला नव्हता.